‘सगळ्याला चालेल असे तेल’

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात चिपळूणच्या बाजारपेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानात मी खिळे घेण्यासाठी थांबलो होतो. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने दुकानदाराला सांगितले, “दार कुरकुरतंय, कुलूप अडकतंय, मोटरसायकलची चेनही कोरडी पडलीय. सगळ्याला चालेल असं एकच काहीतरी द्या.” दुकानदाराने फळीवरचा स्प्रेचा डबा काढून दिला आणि गिऱ्हाईक समाधानाने निघून गेले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर हा विषय शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे मला तिथेच काहीतरी बोलावेसे वाटत होते, परंतु दुकानात पावसाळ्याच्या तोंडावरची गर्दी होती, शिवाय दुकानदार माझाच जुना विद्यार्थी निघाला, तेव्हा दोष कोणाला द्यायचा हाही प्रश्नच होता. जे तिथे बोललो नाही, ते आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातून मांडण्याची परवानगी असावी.

सगळ्याला चालणारे वंगण नसते. वंगणाचे काम एवढेच, की एकमेकांवर घासणाऱ्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहावा आणि धातूने धातूला खाऊ नये. हा थर कुठे टिकेल हे मात्र जागेवर ठरते. शिलाई मशीनसारखे भार कमी आणि वेग जास्त असलेले यंत्र पातळ तेलावर सुखाने चालते. तिथे ग्रीस भरले तर मशीन जड होते. फाटकाच्या बिजागरीवर वेग नसतो, भार असतो आणि वर पाऊस असतो. तिथे पातळ तेल दोन दिवसांत ओघळून जाते आणि ग्रीसच लागते. शेजारी रबर असेल, प्लास्टिक असेल, धूळ असेल, पिण्याचे पाणी असेल, तर निवड पुन्हा बदलते. आपल्या आजोबा-पणजोबांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. बैलगाडीच्या कण्याला लावायचे वंगण एरंडेलाचे, कारण ते जाड आणि चिकट; आणि अडकणाऱ्या लाकडी खणाला मात्र कोणी एरंडेल लावत नसे, त्याला मेण चोळत. आजही घट्ट झालेल्या लाकडी ड्रॉवरला साध्या मेणबत्तीच्या तुकड्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही.

आता त्या स्प्रेविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहे. डब्ल्यूडी-४० या नावाने जगभर ओळखला जाणारा स्प्रे १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे रॉकेट केमिकल कंपनीने तयार केला. नावातील ‘डब्ल्यूडी’ म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, अर्थात पाणी हटवणे, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात साधलेले मिश्रण. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यावर पाणी राहून गंज चढू नये, यासाठी ते वापरले गेले. म्हणजे हा पदार्थ जन्मतः पाणी हाकलणारा आणि गंजात शिरणारा आहे. त्यात थोडे हलके तेल असते, पण विद्रावक, म्हणजे ते तेल पातळ करणारा द्रव, उडून गेल्यावर मागे उरणारा थर फार पातळ असतो. अडकलेला नट सोडवण्यासाठी, ओल्या वस्तूतील पाणी हटवण्यासाठी, चिकट मळ काढण्यासाठी तो उत्तम आहे. परंतु महिनोन्‌महिने फिरत राहणाऱ्या भागाला वंगण म्हणून तेवढ्यावर सोडणे म्हणजे साबणाने अंग धुऊन त्यालाच तेलमालिश समजणे. त्याहून वाईट म्हणजे, सायकलच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये किंवा फाटकाच्या बेअरिंगमध्ये असा स्प्रे मारला, की आत असलेले चांगले ग्रीसही तो विरघळवून बाहेर काढतो. आवाज त्या दिवशी थांबतो आणि महिन्याभराने दुप्पट होऊन परत येतो.

हा फरक मला सर्वांत स्पष्टपणे दिसला तो २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर. वाशिष्ठीचे पाणी ओसरल्यावर शहरात घराघरांसमोर चिखलाने माखलेली यंत्रे मांडून ठेवलेली होती. आमच्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांचे पायाने चालवायचे मशीन दोन दिवस पाण्याखाली होते. कोणीतरी येऊन त्यावर स्प्रे मारून दिला, चाक फिरू लागले, सगळ्यांना आनंद झाला. चौथ्या दिवशी चाक इतके जड झाले, की ताईंनी मला हाक मारली. मी खालची पट्टी सरकवून, खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते ती शटल बाहेर काढली. ती ज्या खोबणीत फिरते, ती खोबण कोरडी ठणठणीत होती आणि तिच्यावर बारीक रेतीने पाडलेले चरे नखाला लागत होते. स्प्रेने पाणी हटवले होते, ते त्याचे कामच होते. मात्र गाळ तसाच राहिला होता आणि वंगण कोणी दिलेच नव्हते. आम्ही मशीन उघडून आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, वाळवले, रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने सांधे घासले, फडक्याने कोरडे केले आणि मग प्रत्येक तेलाच्या छिद्रात शिलाई मशीनच्या पांढऱ्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले. नंतर चिंधीवर पाच मिनिटे बिनदोऱ्याचे मशीन चालवले, म्हणजे जास्तीचे तेल चिंधीत उतरते आणि गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडत नाही. ते मशीन आजही चालते. चरे तेवढे कायमचे राहिले.

त्याच दिवसांत दुचाकीवाल्यांची घाई पाहून जीव कासावीस होत असे. पुरातून निघालेली गाडी उन्हात उभी करून लोक थेट किक मारत होते. इंजिनात पाणी शिरले असेल, तर आतले ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. असे ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही. अशा वेळी इंजिन सुरू न करता आधी ऑइल काढून टाकावे, नवे भरावे, थोडे चालवून तेही पुन्हा बदलावे. पूर पुन्हा येऊ नये अशीच प्रार्थना आहे, पण २००५ नंतर २०२१ आलेच.

घरातील कुलुपांची कथा वेगळी आहे. आपल्याकडे कुलूप अडकले की खोबरेल तेलाची बाटली पुढे येते. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, हे प्रत्येक घराला न्हाणीघरातल्या बाटलीवरून माहीत असते, परंतु तेच तेल कुलपातही थिजते हे लक्षात येत नाही. म्हणूनच मे महिन्यात मुकाट्याने उघडणारे कुलूप जानेवारीच्या पहाटे रुसते. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाचा दोष निराळा: ही तेले हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट होतात, जसा तळणीच्या कढईच्या कडेला राप बसतो तसा. मी एकदा आमच्याच मागच्या दाराचे कुलूप उघडून पाहिले, तर आतल्या केसाएवढ्या फटींमध्ये तपकिरी लगदा भरलेला होता: वर्षानुवर्षांचे तेल आणि वर्षानुवर्षांची धूळ. कुलपाच्या आतल्या पिना आणि त्यांच्या बारीक स्प्रिंगा इतक्या हलक्या असतात, की तेवढ्या लगद्यानेही त्या अडकून बसतात. चावीच्या कुलपाला कोरडे वंगण द्यावे, म्हणजे ग्राफाइटची भुकटी किंवा सुकल्यावर कोरडा थर ठेवणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) स्प्रे. भुकटी न मिळाल्यास मऊ पेन्सिलीचे शिसे चावीच्या दातांवर घासून ती चार-पाच वेळा आत-बाहेर करावी. पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्राफाइट आणि माती यांचेच मिश्रण असते, आणि मऊ पेन्सिलीत माती कमी असते. ज्या कुलपात आधीच तेल गेले आहे, त्यात मात्र भुकटी टाकू नये, नाहीतर लगदा अधिकच घट्ट होईल. आधी ते धुऊन कोरडे करावे.

रबर आणि प्लास्टिक जिथे असेल, तिथे खनिज तेलापासून दूर राहणे बरे. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. मोटारीच्या काचांच्या रबरी खाचा, दरवाजाभोवतीचे रबर, घरातील सरकत्या खिडक्यांची प्लास्टिकची चाके, या सर्वांना सिलिकॉन स्प्रे द्यावा. नळाच्या रबरी वॉशरला पेट्रोलियम जेली लावण्याची सवय अनेक प्लंबरांना असते. तिथेही खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा दर्जाचे सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण ते पाणी आपण पितो. पेट्रोलियम जेली वाया घालवायची नसेल, तर ती बॅटरीच्या टर्मिनलवर, जोडणी घट्ट केल्यानंतर, बाहेरून लावावी. तिथे ती पांढरी-हिरवी बुरशीसारखी दिसणारी क्षारांची पुटे रोखण्याचे काम चांगले करते.

छताच्या पंख्याबद्दल एकच सांगतो. त्याची बेअरिंगे सहसा दोन्ही बाजूंनी झाकलेली आणि कारखान्यातच ग्रीस भरलेली असतात, त्यामुळे शिडीवर चढून वरून सोडलेले तेल बेअरिंगपर्यंत न पोहोचता पात्यांवरून जमिनीवर येते. बेअरिंग खराब झाले तर ते बदलावेच लागते. जुन्या टेबल फॅनला मात्र बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची साधी नळी, असतो आणि त्याला वर्षातून दोन-तीन थेंब मशीनचे तेल खरोखरच हवे असते.

ग्रीस खरेदी करताना लोक रंग पाहतात. लाल ग्रीस गरम जागेचे, पिवळे साधे, निळे भारी, अशी समजूत गॅरेजांतूनही ऐकू येते. रंग केवळ रंग असतो, कंपनीने ओळखीसाठी मिसळलेला. ग्रीस म्हणजे तेल, ते धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ आणि काही रसायने; गुण त्या साबणावर ठरतो. कॅल्शियमचे ग्रीस पाण्याला चांगले तोंड देते, पण साधारण १०० अंशांच्या आसपास वितळून वाहू लागते; लिथियमचे ग्रीस त्यापेक्षा बरेच वर, सुमारे १८० अंशांपर्यंत धरून राहते. म्हणून पावसात उभ्या असणाऱ्या फाटकाला कॅल्शियम शोभते आणि ब्रेकच्या शेजारी तापणाऱ्या चाकाच्या बेअरिंगला लिथियम किंवा त्याहून वरचे लिथियम कॉम्प्लेक्स लागते. डब्यावर ‘एपी-३’ किंवा ‘एमपी-२’ असे जे आकडे असतात, ते दर्जाचे नसून घट्टपणाचे असतात. ३ हे २ पेक्षा घट्ट, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या वर्गातील प्रत्येक तुकडीत तरी निम्मी मुले ३ ला २ पेक्षा ‘भारी’ समजत, आणि ती समजूत परीक्षेनंतरही टिकत असे. आणखी एक गोष्ट: जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचे नवे ग्रीस थापू नये. काही जातींचे एकमेकांशी जमत नाही, दोन्ही मिळून पातळ होतात आणि बेअरिंगमधून गळून जातात. जुने पुसून काढण्याचा कंटाळा तिथे महागात पडतो.

मोटारीच्या आणि दुचाकीच्या इंजिन ऑइलबद्दल लिहायचे तर स्वतंत्र पत्र लागेल, पण एक चूक इतकी वारंवार पाहतो, की ती वगळता येत नाही. आमच्या आळीतील एका तरुणाने वडिलांच्या मोटारीतून उरलेले महागडे ५डब्ल्यू-३० ऑइल आपल्या मोटरसायकलमध्ये भरले, कारण ‘मोटारीचे म्हणजे चांगलेच असणार’. आठवड्याभरात गाडी चढणीला ओढेना. इंजिन ओरडत होते, चाक मात्र त्या मानाने फिरत नव्हते. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल असते आणि क्लचच्या चकत्या त्याच ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. मोटारीच्या अनेक ऑइलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायने घातलेली असतात. ती चकत्यांवर बसली की क्लच घसरतो. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हे शब्द शोधावेत; ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची ही जपानी मानकातील खूण. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच ऑइलबाहेर कोरडा असतो, म्हणून तिला ‘एमबी’ चालते. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे, वजनासाठीच्या नव्हे. २०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइले इंजिन तापल्यावर एकाच वर्गात बसतात. फरक थंड इंजिन सुरू करतानाचा. जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत नव्या, अरुंद फटींच्या इंजिनांना त्रासदायक ठरते. उत्पादकाने पुस्तिकेत जो अंक दिला आहे, तोच भरावा. गिअर ऑइलचेही तसेच: जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा ‘वरचे’ समजून भरले, तर त्यातील गंधकयुक्त रसायने काही गिअरबॉक्समधील, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना खाऊ शकतात.

आता ज्या प्रसंगामुळे मी या विषयाकडे थट्टेने पाहणे सोडले, तो सांगतो. माझे मेहुणे कराडहून कुंभार्ली घाटाने येत होते. घाट उतरताना ब्रेक लावून सोडला, तरी चाके अडवल्यासारखी वाटू लागली. खाली येईपर्यंत पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. गाडी आमच्या दारात लावून त्यांनी मला दाखवली. बॉनेट उघडून ब्रेकच्या टाकीचे झाकण फिरवले, तर झाकणातले रबर फुगून लाडवासारखे वर आलेले, पुन्हा आटे बसेनात. दोन दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये त्या टाकीत पॉवर स्टिअरिंगचे ऑइल ओतून पातळी ‘पूर्ण’ करून दिली होती. ब्रेक फ्लुइड, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, हे खनिज तेल नसते. ते ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि ब्रेकमधील रबरी कप त्याच्याशीच जमतील अशा रबराचे केलेले असतात. खनिज तेल त्या कपात गेले की ते फुगतात. मी ब्रेकचा दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर उघडला तेव्हा आतला कप रात्रभर भिजत घातलेल्या वाटाण्यासारखा झाला होता. फुगलेल्या कपाने परतीचे बारीक छिद्र झाकले, म्हणून पाय काढल्यावरही दाब सुटत नव्हता. प्रत्येक चाकाचे रबरी किट, मास्टर सिलिंडर आणि रबरी पाइप बदलून, लोखंडी नळ्या धुऊन घ्याव्या लागल्या. घाटाऐवजी सपाट रस्ता असता, तर कदाचित लक्षात यायला उशीर झाला असता. ते बरे की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ब्रेकच्या टाकीत झाकणावर लिहिलेल्या फ्लुइडशिवाय एक थेंबही जाऊ देऊ नये. ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिनांनासुद्धा हाताला येईल ते ग्रीस न लावता ब्रेकसाठी म्हणून विकले जाणारे सिलिकॉन ग्रीसच लावावे.

वापरलेल्या काळ्या ऑइलबद्दलही लिहिले पाहिजे. गावाकडे ते फुकट मिळते, म्हणून लाकडी वाशांना, फाटकाला, चेनला सर्रास फासले जाते. त्यात झिजलेल्या धातूचा कीस आणि जळणातून आलेली आम्ले असतात, त्यामुळे चेनसाठी ते वंगण कमी आणि कानस जास्त. आणि कातडीला वारंवार लागणे कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे मानले जाते. नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. विहिरीच्या आणि पऱ्ह्याच्या गावात ते जमिनीवर ओतणारा माणूस पाहिला, की मला त्याला नाही, त्याच्या शेजाऱ्याला सांगावेसे वाटते. मोटरसायकलच्या चेनला आधी रॉकेलने पुसून मग चेनचा स्प्रे किंवा बहुतेक पुस्तिकांत सांगितलेले ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे, दहा मिनिटांनी वरचे पुसून घ्यावे. तेल चेनच्या आत हवे असते, बाहेरचे तेल फक्त धूळ गोळा करते. चाकाच्या नटांच्या आट्यांना मात्र काहीही लावू नये. तेल लागले की तेवढ्याच जोराने पाना फिरवूनही बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

आणि जिथे वंगण अजिबातच नको, अशी एक जागा घरात आली आहे. कोविडच्या काळात अनेक कुटुंबांनी ऑक्सिजनचे सिलिंडर घरी आणले आणि आजाऱ्यांसाठी काहींच्या घरी ते अजूनही आहेत. त्याचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर घट्ट झाला, म्हणून त्याला तेल, ग्रीस, खोबरेल वा पेट्रोलियम जेली यांपैकी काहीही लावू नये, तेलकट हातानेही तो फिरवू नये. दाबाखालील शुद्ध ऑक्सिजनशी तेलाचा संबंध आला, तर ठिणगीवाचूनही ते पेट घेऊ शकते. घट्ट झालेला व्हॉल्व्ह पुरवठादाराकडेच परत द्यावा.

माझी विनंती मोठी नाही. पाकिटबंद मालावर उत्पादकाचे नाव, वजन, किंमत, महिना इत्यादी मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, असे २०११ चे वैधमापन विभागाचे नियम सांगतात, आणि त्याखेरीज इतर भाषा वापरण्यास तेच नियम मोकळीक देतात. म्हणजे तेल-ग्रीसच्या डब्यावर मराठीत दोन ओळी छापण्यास कायद्याची आडकाठी नाही. या दोन ओळींत ‘कुठे वापरावे’ याची जाहिरात नको, ती समोर मोठ्या अक्षरांत असतेच. ‘कुठे वापरू नये’ हे लिहावे. स्प्रेच्या डब्यावर ‘बेअरिंगसाठी नाही’, मोटारीच्या ऑइलवर ‘मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठी नाही’, पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलवर ‘ब्रेकच्या टाकीत घालू नये’, इतके पुरे. महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कंपन्यांनी आणि दुकानदारांच्या संघटनांनी याचा विचार करावा. तोवर माझ्या त्या विद्यार्थ्याच्या दुकानात फळीखाली चिकटवण्यासाठी मी स्वतःच्या हाताने एक पुठ्ठा लिहून दिला आहे. त्याने तो लावला आहे, पण गिऱ्हाइकाला दिसेल अशा बाजूला नाही.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर निदेशक,
चिपळूण